वारगोची सरळ कड

स्टॅन मिहालिकने कोट खुंटीला अडकवला, वळला आणि दिवाणखान्याच्या दारातच थबकला. समोरच्या भिंतीवर जिथे चाळीस वर्षं वारगो उभा होता, तिथे आज वारगो नव्हता.

म्हणजे चित्र होतं. तीच अक्रोडी चौकट, तीच पिवळी पार्श्वभूमी, चेंडू पाठीशी धरून समोर रोखून बघणारा तोच पिचर, बेसबॉलमधला गोलंदाज. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण खेळाडूंची चित्रं छापलेली जुनी बेसबॉल कार्डं विकण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला पुठ्ठ्याची जात लांबूनच कळते. जुन्या पुठ्ठ्यावर उजेड पडला की तो मुरतो. हा चकाकत होता. कुणीतरी खरं कार्ड काढून तिथे रंगीत झेरॉक्स लावली होती.

"दारात खांबासारखा काय उभा राहिलास?" स्वयंपाकघरातून हेलन ओरडली. "हलुपकी गार होतायत!"

"आलो, ताई."

आज हेलनच्या आणि अँडी दुदाशच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. सकाळी चर्चमध्ये फादरनी दोघांना पुढे बोलावून आशीर्वाद दिला होता आणि आता घरची माणसं जेवायला जमली होती. टेबलावर हॅम होतं, कोबीच्या पानात गुंडाळलेल्या हलुपकी होत्या, लोण्यात परतलेल्या कांद्याखाली सारण भरलेल्या पिरोगी दडल्या होत्या. टेबलाच्या टोकाशी अँडी नवा टाय लावून बसला होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं. नाहीतर हा गृहस्थ ती झेरॉक्स भिंतीवर तासभरसुद्धा टिकू देता ना.

"आलास का रे चोरा?" अँडीने आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. "पन्नास वर्षं तुझ्या बहिणीला सांभाळलं. आता परत घेऊन जा."

"विकलेला माल परत घेत नाही. पाटी लावलीय दुकानात."

सगळे हसले. स्टॅनही हसला, पण त्याची नजर टेबलाभोवती फिरत होती. कार्ड कुणी काढलं असेल? अँडीचा मुलगा ग्रेग? त्याला चौकटीमागचा खिळा काढता आला असता तर देव पावला असता. ग्रेगची थोरली बहीण मार्लिन? तिला कार्डांचा तिटकारा. मग त्याची नजर ग्रेगच्या मुलीवर, टेसावर गेली. पोरगी खुर्चीत बसल्या बसल्या उकळत होती, गुपित पोटात मावेना अशी.

स्टॅनला उमगलं, हे काम हिचंच.

टेसाही याच धंद्यातली, पण तिची तऱ्हा न्यारी. ती नव्या कार्डांची व्यापारीण. ज्यांना धड मिसरूडही फुटलेलं नाही अशा खेळाडूंची कार्डं आज घेऊन ठेवायची आणि पोरगं चमकलं की विकायची. फोनच्या कॅमेऱ्यासमोर कार्डांची सीलबंद पाकिटं फोडायची, आणि देशभरातली माणसं श्वास रोखून बघत बसायची. "तू खेळाडू कुठे घेतेस? तू पाळणे विकत घेतेस," असं स्टॅन तिला चिडवायचा. मनातून मात्र तो तिला मानत होता. दुदाशांच्या तीन पिढ्यांत अँडीचा डोळा उतरला असेल तर या पोरीतच. कोपरे, कडा, छपाई, चकाकी, एका दमात सगळं टिपायची. आणि असा डोळा घरात असणं हीच आज मोठी पंचाईत होती.

कारण भिंतीवरच्या वारगोची खरी गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक अँडी, दुसरा स्टॅन.

वारगो या खोऱ्यातला, खाणकामगाराचा मुलगा. जॉन्सटाउनच्या मैदानावर दगड फेकता फेकता पिट्सबर्गच्या संघात गेला आणि मोठमोठ्या फलंदाजांना त्याने नाचवलं. अँडीचं बालपण त्याच्या नावाने गेलं, पण त्याचं पहिल्या वर्षाचं कार्ड काही अँडीच्या नशिबी आलं नाही. पुढे स्टॅनने दुकान टाकलं आणि एके दिवशी ते त्याच्या हाती लागलं. अँडीने आपली लाडकी मोटारसायकल काढून दिली आणि कार्ड घेऊन पायी घरी गेला. हेलनने त्याची अशी खरडपट्टी काढली की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

मग तिचं तिलाच वाईट वाटलं. लग्नाचा दहावा वाढदिवस आला तेव्हा तिने ठरवलं, याला वारगो चौकटीत घालून द्यायचा. ती तेव्हा केसलरच्या फोटो स्टुडिओत कटरच्या टेबलावर कामाला होती. केसलर म्हणायचा, फोटोची कड वाकडी गेली की गिऱ्हाईक दुकानालाच वाकडं म्हणतं. वारगोच्या कार्डाची छपाई तर चांगलीच सरकलेली होती. एका अंगाला पांढरी पट्टी जाड, दुसऱ्या अंगाला नखाएवढी. त्या काळी कारखान्यातून अशीच यायची. हेलनला ते बघवेना. तिने वारगो कटरखाली धरला आणि चारही बाजूंच्या पट्ट्या एकसारख्या करून टाकल्या.

जुन्या कार्डाची कड कापणं म्हणजे देवाच्या मूर्तीचं नाक घासून सरळ करण्यासारखं. कार्ड बाजारातून उठतं, जाणती माणसं त्याला हात लावत नाहीत. त्या दिवशी अँडीने चौकट हातात घेतली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. स्टॅनने ते पाहिलं, कारण त्याचंही पळालं होतं. पण क्षणभरच. मग अँडीने बायकोला सगळ्यांदेखत कवटाळलं आणि म्हणाला, "आता कुठे सरळ उभा राहिला गं हा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात आला आणि रिकाम्या खोक्यावर बसला. टोपी हातात फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "तिला कधी कळता कामा नये."

"आणि कुणी विचारलं तर?"

"तर तू आणि मी दोघंही खोटारडे."

तेव्हापासून या माणसाने जे निभावलं त्याला तोड नव्हती. वारगो एकाही प्रदर्शनात गेला नाही. कार्डं तपासून, दर्जाचा नंबर देऊन प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून देणाऱ्या कंपन्या निघाल्या, सगळ्यांनी आपापली कार्डं पाठवली, अँडीने नाही. "मी जिवंत माणूस शवपेटीत घालत नाही," म्हणायचा. लोक त्याला हेकट म्हणाले, त्याने म्हणू दिलं. या घरात राजकारणावरून ताटं आपटली गेली, पण कापलेल्या कडांचा विषय कधी रंगला नाही. कुणी काढलाच तर अँडी पावसापाण्याकडे वळायचा. हेलनला तर कार्डांच्या गप्पा सुरू झाल्या की विणकाम आठवायचं. स्टॅनने आयुष्यात पुष्कळ संग्राहक पाहिले, पण सगळ्यात मोलाचा तुकडा असा जपणारा दुसरा पाहिला नाही.

टेसा केक आणायला उठली तसा स्टॅनही उठला.

"बस की रे, म्हातारा झालास," अँडी म्हणाला.

"पाणी हवंय."

स्वयंपाकघरात त्याने दार लोटून घेतलं. "टेसा, वारगो कुठाय?"

टेसाने ओठ चावला. "तुम्हाला दिसलंच! मला वाटलंच होतं. आजोबांना सांगू नका हं. मी घाईघाईत काढून तपासायला पाठवला होता, नीट बघायलाही वेळ नव्हता. परवाच परत आलाय."

"नंबर काय आला?"

"मला काय माहीत? मी पाहिलाच नाही!" तिचे डोळे चमकत होते. "निकाल त्यांच्या साइटवर लागतो, पण मी मुद्दाम उघडली नाही. खोकंसुद्धा फोडलं नाही. स्टॅनआजोबा, सीलबंद माल ज्याचा त्यानेच फोडायचा, हा आमच्यातला धर्म आहे. आजोबांच्या हातानेच उघडू दे ना!"

एरवी स्टॅनने या गोष्टीवर तिची पाठ थोपटली असती. पोरीला धंद्याची चाड होती. आज तीच चाड आड आली.

"बाळ, ऐक. ते खोकं आज उघडू नकोस. मी सांगतो ते..."

दार धाडकन उघडलं आणि ग्रेग आत आला. "काय खलबतं चाललीत? टेसा, आण ना तुझं ते खोकं! मामा, तू पोरीला काय पढवतोयस? मी दहा वर्षांचा असताना मला फसवलंस तेवढं पुरे नाही झालं?"

"तूच स्वतःहून बदली केलीस तेव्हा."

"एका नामी शॉर्टस्टॉप खेळाडूच्या कार्डाच्या बदल्यात तीन टुकार पिचर गळ्यात मारलेस माझ्या!"

"तुला तीन जास्त वाटले, त्याला मी काय करू?"

ग्रेगने मुलीच्या खांद्यावर हात टाकला आणि तिला बाहेर नेलं. स्टॅन ओट्याला धरून क्षणभर उभा राहिला. मग तोही बाहेर गेला, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

खोक्याला सोनेरी रिबीन होती. अँडीने ती चाचपडत सोडली, आतला कागद फाडला आणि प्लॅस्टिकची डबी हातात घेतली. ती बोटांना लागल्याबरोबर त्याला सगळं समजलं. स्टॅनला त्याच्या मानेकडे बघूनच ते कळलं.

"वारगो आहे, आजोबा!" टेसा टाळ्या वाजवत म्हणाली. "भिंतीवर झेरॉक्स आहे, महिनाभर तुम्ही झेरॉक्सला गुड नाइट म्हणताय! आता नंबर वाचा ना!"

"मला कुठलं दिसतंय, पोरी." अँडीने डबी पालथी घालून टेबलावर ठेवली आणि वर हात ठेवला. "डोळे झाले की वाचू. तोवर केक कापा."

"असं कसं? आई वाचेल की!" ग्रेगने डबी त्याच्या हाताखालून काढली आणि हेलनकडे दिली.

हेलनने चष्मा नाकावर चढवला. "नंबर कुठाय? इथे नंबर नाहीये. नुसतं लिहिलंय, 'अस्सल. फेरफार केलेलं.'" तिने वर पाहिलं. "म्हणजे काय गं?"

टेसाचा चेहरा पांढराफटक पडला. तिने डबी घेतली, वाचली, पुन्हा वाचली. ग्रेगला मुलीच्या तोंडाकडे बघूनच काय ते उमगलं.

"फेरफार? कुणी केला?" तो सावकाश वळला. "बाबा, हे कार्ड कुणाकडून घेतलं होतं तुम्ही?"

"ग्रेग, गप्प बस," अँडी म्हणाला.

"का गप्प बसू? मोटारसायकल दिलीत तुम्ही त्याच्यासाठी! ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरतो मी, माझ्या बाबांचा वारगो म्हणून. आणि घरच्याच माणसाने... वा, मामा! मेहुण्यालाच मामा बनवलंस!"

"ग्रेग, मामाशी नीट बोल," मार्लिन म्हणाली. तिचा मामावर जीव होता, लहानपणी शाळेतून सुटली की ती त्याच्याच दुकानात जाऊन बसायची. पण तिनेही स्टॅनकडे प्रश्नार्थक पाहिलं, आणि ते स्टॅनला ग्रेगच्या शब्दांहून जास्त लागलं.

"ग्रेग, ऐक," अँडीने टेबलाची कड घट्ट धरली. "यात स्टॅनचा काडीचाही..."

"मीच केलं," स्टॅन म्हणाला.

अँडी त्याच्याकडे बघत होता, म्हणजे जिथून आवाज आला तिकडे. स्टॅनने त्याच्याकडे पाहायचं टाळलं. मेन स्ट्रीटवर त्याच्या दुकानाची एकच मिरास होती. मिहालिककडून घेतलेल्या कार्डाला भिंग लावायची गरज नाही, असं लोक म्हणत. ती मिरास त्याने टेबलावरच्या उष्ट्या ताटांमध्ये ठेवून दिली.

"दुकान नवं होतं. गिऱ्हाईक नव्हतं. मोह झाला."

"काय केलंस?" हेलनने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता. "नेमकं काय केलंस तू, स्टॅन?"

"रंग भरला. एका कोपऱ्यातला रंग उडाला होता, तिथे थोडा पिवळा लावला. बस."

हेलनने त्याच्याकडे निरखून पाहिलं. तिने हा भाऊ वाढवला होता. आई गेल्यावर त्याचं नाक पुसलं होतं, त्याच्या खिशातल्या गोट्या मोजल्या होत्या, आणि तो खोटं बोलायला लागला की डावा कान चोळतो हे तिला माहीत होतं. स्टॅनने हात कानावरून काढला, पण उशीर झाला होता.

"पण रंग नाहीये," टेसा म्हणाली.

तिने फोनची बत्ती पेटवून डबी तिरकी धरली होती, डोळ्याला भिंग लावलं होतं. पोरगी कामात बुडाली होती, आजूबाजूला काय चाललंय याचं तिला भानच नव्हतं. "रंग अस्सल आहे, सगळा. स्टॅनआजोबा, तुम्ही चुकताय. इथे कड कापलीय. उजवी, आणि वरची. फार सुबक. इतकी सुबक कड मी आजवर पाहिली नाही. फक्त खाली, कोपऱ्याजवळ, पात्याचा एक बारीकसा दाता उमटलाय."

"टेसा," स्टॅन म्हणाला. "पुरे."

"दे इकडे," हेलन म्हणाली.

तिने भिंग घेतलं. फार वेळ लागला नाही. केसलरच्या कटरचं पातं मुठीजवळ जरासं तुटलं होतं. केसलर चिक्कू, पातं बदलेना. म्हणून त्या टेबलावर काम करणाऱ्या पोरी फोटो असा धरत की दाता खालच्या कोपऱ्यात यावा, चौकटीत झाकला जावा. हेलनने ते कितीतरी वर्षं रोज केलं होतं. तिने भिंग खाली ठेवलं.

"ही माझी कड आहे," ती म्हणाली.

मार्लिनने हळूच तोंडावर हात ठेवला.

"कापायची नसते का?" हेलनने टेसाला विचारलं. टेसाला आता कळलं होतं, आणि तिचे डोळे भरून आले होते. "खरं सांग मला. कापली की काय होतं?"

"काही नाही, आजी..."

"टेसा."

"कार्ड... मग त्याला कार्ड म्हणून धरतच नाहीत, आजी."

हेलन नवऱ्याकडे वळली. "तुला माहीत होतं."

"कशाबद्दल म्हणतेस?"

"अँडी."

अँडीने टाय सैल केला. "हो. माहीत होतं."

"कधीपासून?"

"तू दिलंस तेव्हापासून."

"आणि हा?" तिने भावाकडे बोट केलं. "हाही सामील! अरे, मला काय खुळी समजलात तुम्ही दोघं? आल्यागेल्याला मी त्या भिंतीपाशी नेत होते. 'बघा, किती सरळ उभाय, मीच घातलाय चौकटीत,' म्हणून मिरवत होते! आणि तुम्ही दोघं शेजारी उभे राहून माना डोलवत होतात नंदीबैलासारख्या!" तिचा आवाज फाटला. "एकदा सांगायचं होतंस. भांडले असते, रडले असते, झालं असतं. एवढं काय मोठं होतं?"

ग्रेग खाली मान घालून बसला होता. त्याच्या बापाला रागावलेल्या आईसमोर शब्द सापडत नाहीत हे त्याला ठाऊक होतं, आणि आज पहिल्यांदा तो बापाला वाचवायला पुढे आला नाही.

"पहिल्यांदा नाही सांगितलं ते तुला वाईट वाटू नये म्हणून," अँडी सावकाश म्हणाला. "ते खरं. पण नंतरचं वेगळं आहे, हेलन. नंतर मला तो तसाच आवडायला लागला. खरंच. पुढे स्टॅनकडे एक न कापलेला वारगो आला होता. विचार त्याला. म्हणाला, घे, हा भिंतीवर लाव, तिला कळणारही नाही. मी हातात घेतला. चांगला होता. पण तो मला कुणा परक्याचा वाटला. दिला परत."

"खरंय, ताई," स्टॅन म्हणाला. या वेळी त्याचा हात कानाकडे गेला नाही. हेलनने ते पाहिलं.

तिने डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि सगळ्यात आधी भावाच्या पाठीत एक धपाटा घातला.

"आणि तू रे? पोराबाळांदेखत स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेत होतास! दुकानाचं नाव काय वाऱ्यावर पडलंय?" तिने अक्रोडाच्या रोलचा सगळ्यात जाड तुकडा त्याच्या ताटात टाकला. "खा. ग्रेग, मामाची माफी माग."

"मामा, चुकलो," ग्रेग म्हणाला. मग जरा थांबून, "ते शॉर्टस्टॉपचं मात्र अजून आहे हं."

"ते चालू दे. त्याशिवाय मला करमणार नाही."

हेलनने डबी उचलली. "हे उघडतं कसं?"

टेसाने तोंड पुसलं. "फोडावी लागते, आजी. पक्कड लागेल. पण एकदा फोडली की तो शिक्का गेला."

"जाऊ दे. पक्कड आण."

स्टॅननेच फोडली. त्याचे हात या कामात मुरलेले होते, डबीचा कोपरा करकरला आणि वारगो मोकळा झाला. हेलनने त्याला तळहातावर घेतलं. मग डबीतली ती निकालाची चिठ्ठी वेगळी काढून टेबलावर सरळ केली.

"यात कुणी फेरफार केला ते लिहीत नाहीत का?"

"नाही, आजी. त्यांना कुठून कळणार?"

"मग पेन दे."

तिने चिठ्ठीच्या रिकाम्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं. टेसाची झेरॉक्स चौकटीतून बाहेर आली, वारगो आत गेला, आणि त्याच्या पायाशी ती चिठ्ठी बसली. कागद चौकटीच्या मापाला जरासा मोठा होता. हेलनचा हात आपसूक कात्रीकडे गेला आणि मध्येच थबकला. मग तिने चिठ्ठीची कड मागे दुमडली आणि चौकट भिंतीवर अडकवली.

"काय लिहिलंस?" अँडी खुर्चीतून उठून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "वाच ना, मला दिसत नाही."

हेलनने घसा खाकरला. केसलरच्या दुकानात फोटो तयार झाला की ती ज्या आवाजात गिऱ्हाइकाचं नाव पुकारायची, त्याच आवाजात तिने वाचलं:

"अस्सल. फेरफार केलेलं. करणारी, हेलन दुदाश."